पाच आवाज, सहा गोळे

विहिरीत सुरुंग लावायचा नवऱ्यानं आणि वर बसून आवाज मोजायचे बायकोनं, ही वाटणी त्यांच्या लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच ठरून गेली होती. सुरुंगवाल्याचे कान कामानं खाल्ले होते. उजवा पार गेला होता आणि डावा आपल्या मर्जीनं चाले. त्यामुळे भोकं भरावीत, वाती पेटवाव्यात, बादलीतून झटकन वर यावं आणि मातीच्या ढिगाआड उकिडवं बसून बायकोच्या हाताकडे बघावं, एवढंच त्याच्याकडे उरे. एक आवाज झाला की ती एक बोट उघडी. सहा भोकं भरली असली आणि मोजणी पाचावर थांबली, तर त्या दिवशी ती कुणाला म्हणजे कुणाला खाली उतरू देत नसे. विहिरीचा मालक कितीही आदळआपट करो. "एक आत झोपलाय," ती म्हणे. "त्याला उठवायला जायची हौस असेल तर आधी घरी सांगून या." लोक हसत, पण तिच्या मोजणीत वीस वर्षांत कुणाचं नखसुद्धा गेलं नव्हतं.

ती गेली थंडी सरता सरता. नदीच्या उतारावर, जिथं पाणी गुडघ्याच्या वर कधी आलं नाही तिथं, कपडे धुताना. आठवडाभर वाळूवाल्यांचं यंत्र तिथं चाललं होतं. त्यांनी तळ उपसून नेला आणि दोन पुरुष बुडतील एवढा खड्डा मागं ठेवला. वरून पाणी पहिल्यासारखंच दिसत होतं. एक काठीसुद्धा खूण म्हणून कुणी रोवली नव्हती. सुरुंगवाला त्याच काठावर पन्नास पावलांवर बसून आपल्या पहारी दगडावर घासत होता. पहारीला धार आली म्हणून त्यानं वळून बघितलं, तर दगडावर पिळलेले कपडे होते आणि बायको नव्हती.

"एका क्षणात गेली," सगळ्या वस्तीनं त्याला सांगितलं. प्रत्येकानं डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. "हूं की चूं केलं नाही. त्रास असा झालाच नाही तिला." तेवढ्यावर तो जगत होता.

चौकीत त्यांनी 'पाय घसरून' असं लिहिलं. तो तीनदा गेला. पहिल्यांदा बाकावर बसवलं, दुसऱ्यांदा पायरीवर, तिसऱ्यांदा उभंच ठेवलं. हवालदार कागदाची नळी करून त्याच्या कानाला लावी आणि ओरडे, "पा-य घ-स-रू-न! आलं का ऐकू?" मग आतले चारजण हसत. यंत्र कुणाचं हे कुणीच लिहून घेईना, कारण ते कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या माणसाला तोंडावर सगळे मालक म्हणत आणि माघारी बोका. गाल तसे होते आणि पायात मऊ बूट घालून तो आवाज न करता मागं येऊन उभा राही. नदी पाच कोस त्याच्या ताब्यात होती. वाळू अडवायला आलेल्या एका साहेबाचे दोन्ही हात त्यानं मोडून टाकले होते आणि पुढं त्याच साहेबाच्या बदलीच्या समारंभात हारही घातला होता. वाळू गेली तशी नदी खाली गेली, नदी खाली गेली तशा विहिरी आटल्या. उन्हाळा लागला तेव्हा बाया तीन-तीन हंडे डोक्यावर घेऊन बोक्याच्याच टँकरपुढं रांग धरून उभ्या होत्या. माणसाची करामत म्हणायची ती अशी.

सुरुंगवाल्याच्या घरात आता तिघं राहत होते. तो, त्याचा मेहुणा आणि सासू. मेहुणा यारी चालवायचा, म्हणजे विहिरीतून दगडाची बादली वर ओढायचं डिझेलचं यंत्र. सासू लेकीला पोचवायला आली ती जावयाचं तोंड बघून राहिली. तिला तो मामी म्हणे. ती त्याला जावईबापू म्हणे आणि येता-जाता बोले. "जावईबापू, मीठ चाटून जगता येत नाही, दोन घास खा." "जावईबापू, अंगातला सदरा आता आपणहून चालत जाईल, काढा तो." लेकीच्या जागी आवाज मोजायला तीच बसू लागली. सुरुंग भरल्यावर भोकाचं तोंड दाबायला ओल्या मातीचे गोळे लागतात, तेही तीच वळून देई. जितकी भोकं तितके गोळे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, माणूस सावरला. आतून त्यानं एकच काम हाती घेतलं होतं. बोका.

दोन महिने त्यानं त्याचा माग काढला. काम नसेल त्या दिवशी तो वाळूच्या गाड्या तोलायच्या वजनकाट्यासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसे. बोक्याची जीप किती वाजता येते, पुढं कोण बसतं, मागं कोण बसतं, हे सगळं त्यानं पाठ केलं. बहिऱ्या माणसाकडे कुणी लक्ष देत नाही. त्याच्यादेखत वाटेल ते बोलतात, आणि ओठांवरून त्याला अर्धंमुर्धं कळे. एवढंच कळलं की बोका कधीच एकटा नसतो. जेवताना दोघं, न्हाव्याकडे दोघं, मुतायला गेला तरी दोघं पाठ करून उभे.

तरी एका दुपारी त्याचा धीर सुटला. पिशवीत घण घेऊन तो सरळ काट्यावर गेला. फाटकातच दोघांनी धरला. पिशवी उपडी केली.

"हा कशाला आणला?"

"कामाचा आहे."

"हो का? मग कर की काम!" त्यांनी कोपऱ्यातल्या काळ्या धोंड्यांकडे बोट दाखवलं. "फोड. सगळे फोड. नाहीतर पाय फोडू तुझे."

डोक्यावर ऊन, समोर खुर्च्या टाकून बसलेली चार टगी पोरं, आणि बायकोचा सूड घ्यायला आलेला माणूस त्यांच्यासाठी दगड फोडतोय. हाताला फोड आले, ते फुटले, दांडा चिकट झाला. पण हात कामाचे होते, त्यांना लाज कळत नव्हती. दगडाची शीर बघायची आणि तिथंच घाव घालायचा, हे ते आपोआप करत राहिले. पाचव्या धोंड्याचे एका घावात दोन तुकडे झाले तेव्हा बाजूला मऊ बूट दिसले.

"हात चांगला आहे याचा," बोका म्हणाला. सुरुंगवाल्याला ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. मग बोक्यानं मोठ्यानं विचारलं, "विहिरीचं काम करतोस?"

बोक्यानं टेकडीवर नवं घर बांधायला काढलं होतं. विहीर पंचावन्न फुटांवर काळ्या पाषाणात अडकली होती आणि आधीचा माणूस पळून गेला होता. सुरुंगवाल्यानं मान हलवली. घण हातात होता, बोका हातभर अंतरावर होता, आणि दोघंजण त्याच्या मागं उभे होते. "करतो," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा सासू तवा घासत होती. तिचा हात थांबला.

"त्याची विहीर? त्याला पाणी काढून देणार तुम्ही?"

"काम आहे मामी."

"काम सगळीकडे आहे."

मेहुणा मधे पडला. "दाजी, माझ्यानं नाही व्हायचं. तो समोर आला तर मी काय करीन सांगता येत नाही."

"तू यारीवर बस," सुरुंगवाला म्हणाला. "बाकी काही करू नकोस."

सासूनं जावयाकडे बराच वेळ बघितलं. मग पुन्हा तवा घासू लागली. तिला काय कळलं आणि काय नाही, हे तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

काम एकवीस दिवस चाललं. सकाळी खाली उतरायचं, भोकं पाडायची, भरायची, वर यायचं, पाच-सहा आवाज, मग धूर निवेपर्यंत बसायचं, मग दिवसभर दगड भरून बादल्या वर. खाली हवा जड. घाम निथळून विजारीत साचे. दगडाची पूड दातांत, पापण्यांत, जेवणाच्या डब्यात. रोज फूट-दीडफूट. वर उन्हानं जमीन पांढरी पडली होती.

विहिरीच्या पोटात मात्र एक गंमत होती. तिथं त्याला ऐकू येई. वर माणसं नुसते ओठ हलवत, पण खाली चारी बाजूंचा दगड आवाज पकडून परत त्याच्याच अंगावर टाकी. पहारीचा खणखणाट, पाण्याच्या थेंबाचा टप्प, स्वतःचा श्वास, सगळं. बायको होती तेव्हा कधीकधी डबा घेऊन बादलीतून खाली येई ती त्याचसाठी. वर दिवसभर हातवारे चालत, आणि खाली बसून ती साधं हळू आवाजात बोले. शेजारणीनं काय केलं, कांदा किती तिखट निघाला, असलंच काहीतरी. तो मात्र मेजवानी असल्यासारखा ऐकत बसे.

बोका रोज यायचा. काठावरून वाकून बघायचा. त्याला पाण्याचं वेड लागलं होतं. घर, गाड्या, माणसं, सगळं झालं होतं, स्वतःचं पाणी तेवढं नव्हतं. "झरा दिसला की आधी मला बोलवायचं," तो सुरुंगवाल्याच्या कानात ओरडे. "पहिली ओंजळ मी भरणार. कळलं?"

एकदा सावलीत बसला असताना त्यानं विचारलं, "घरी कोण आहे?"

"सासू. मेहुणा."

"आणि बायको?"

"वारली."

"अरेरे," बोका म्हणाला आणि दात कोरत राहिला. "मग दुसरी कर की. सासू कशाला पोसतोस?"

त्याला ठाऊकच नव्हतं. सुरुंगवाल्याला हे सगळ्यात जास्त लागलं. या माणसाच्या हिशेबी ती मेलीच नव्हती. ती कधी नव्हतीच. त्या दिवशी त्यानं खाली उतरून पहारीचे नुसतेच घाव घातले, भोक पडलं नाही.

विसाव्या दिवशी पूर्वेच्या अंगाला दगड ओलसर झाला. संध्याकाळपर्यंत त्यातून करंगळीएवढी धार लागली. मेहुणा वरून ओरडून ओरडून विचारत होता, पण सुरुंगवाल्यानं त्या धारेकडे बघून पहिला विचार केला तो पाण्याचा नव्हता. बादलीत माणसं दोनच मावतात. बोक्याला खाली यायचं असेल तर पहारेकऱ्यांना वर ठेवूनच यावं लागेल.

रात्री त्यानं बोक्याला 'झरा लागला, उद्या दुपारी या' असा निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा भोकं पाडली. सहाही भरली. सहाव्याला वात मात्र लावली नाही. कोरड्या बाजूला, भिंतीलगत ते भोक होतं. तोंड मातीनं दाबून त्यावर त्यानं कपच्या पसरल्या. तयार सुरुंगावर पहारीचा एक नेमका घाव बसला की पुरे, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याच भीतीनं तर सगळे आवाज मोजतात. दुपारी बोक्याला घेऊन उतरायचं आणि घाव घालायचा. वर यायचा विचार त्यात नव्हताच. आणखी जगून कुणाला हातवारे करायचे होते?

सगळं त्यानं मनात घोळवून ठेवलं होतं. चुकला तो एकाच ठिकाणी, आणि ती चूक बुद्धीची नव्हती, हाताची होती. सकाळी उतरताना सासूपुढं हात पसरून तो सवयीनं म्हणून गेला होता, "मामी, सहा गोळे."

वाती पेटवून तो वर आला, ढिगाआड बसला. सासूनं एकेक बोट उघडलं. एक. दोन. तीन. चार. पाच. पंजा तसाच उघडा ठेवून ती थांबली. धूर वर आला, पांगला. ती थांबलेलीच.

"झाले," सुरुंगवाला उठत म्हणाला.

सासूनं मान हलवली. पंजा हलवला आणि दुसऱ्या हाताची मूठ दाखवली.

"पाचच भरली होती मामी."

"गोळे सहा नेले होते."

"एक फुटला."

ती बघत राहिली. मातीचा गोळा फुटला तर माणूस त्याचीच माती थुंकी लावून परत वळतो, वाया घालवत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिची नजर त्याच्या तोंडावरून हळूहळू विहिरीच्या काठावर गेली, आणि तिथून खालच्या रस्त्यानं धुरळा उडवत येणाऱ्या जीपवर. तिला सगळं कळलं. पुढं येऊन तिनं त्याचा सदरा घट्ट धरला आणि ओठ नीट हलवून, त्याला वाचता येईल असं म्हणाली, "त्याला एकट्याला पाठवा. तुम्ही नका जाऊ. मला लेक एकच होती, आता जावईही एकच आहे."

त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

बोका खुशीत होता. बूट काढून विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आला होता. त्याच्या दोघांनी वाकून विहिरीत बघितलं, बादली बघितली, एकमेकांकडे बघितलं. "थांबा रे इथंच," बोका म्हणाला. "पाणी बघायला चाललोय, लढाईला नाही." ते दोघं यंत्राच्या धुराला कंटाळून लांब जीपच्या सावलीत जाऊन बसले. मेहुण्यानं यंत्र बंद केलं नाही. ते एकदा बंद पडलं की हँडल मारून मारून खांदे निखळत.

बादलीत दोघं छातीला छाती लावून उभे होते. बोक्याच्या केसांचं तेल सुरुंगवाल्याच्या नाकात जात होतं. दहा फूट खाली गेल्यावर बोक्यानं डोळे मिटले आणि सुरुंगवाल्याचा दंड धरला. ज्याच्या नावानं पाच कोस लोक दबकत, त्यानं तो दंड नंतर सोडलाच नाही.

तळ लागला. बोक्यानं आधी धार बघितली, मग ओंजळ भरली, प्यायला, तोंडावर मारली, आणि लहान मुलासारखा हसला. मग एका धोंड्यावर बसला. सुरुंगवाला पलीकडे सहाव्या भोकाजवळ गेला. पायानं कपच्या बाजूला केल्या. पहार हातात घेतली.

"इथं गार आहे," बोका सहज म्हणाला.

"हो."

बोका चमकला. "अरे! ऐकू आलं तुला?"

"इथं येतं."

"बरं झालं. वर तुझ्याशी बोलायचं म्हणजे घसा फुटतो." तो मजेत होता, पाय धारेखाली धरून बसला होता. "बहिऱ्यावरून आठवलं. मागं आमचं यंत्र उतारावर होतं ना, तिथं एक बाई बुडाली. माझी माणसं पलीकडच्या काठावर होती, त्यांनी सांगितलं. बाई ओरडतेय, ओरडतेय, आणि नवरा तिथंच पन्नास पावलांवर पाठ करून बसलेला. ढिम्म! मान वळवून बघेना. असला कसला नवरा रे? दगड."

पहार हवेतच राहिली.

"ओरडत होती?" सुरुंगवाल्यानं विचारलं.

"तर! माझा माणूस म्हणाला, त्याची विडी संपेपर्यंत चाललं होतं. खाली जायची, वर यायची, परत ओरडायची."

"काय ओरडत होती?"

"मागं बघा, म्हणे. मागं बघा, अहो मागं बघा, एवढंच."

"मग तुमची माणसं गेली का नाहीत?"

"त्यांना वाटलं, नवरा आहे की जवळ, उठेल. उठेना तेव्हा वाटलं, भांडलेत दोघं." बोक्यानं खांदे उडवले. मग कशानं तरी त्याची मान वर झाली. त्यानं समोरच्या माणसाचं तोंड बघितलं, उगारलेली पहार बघितली, मातीनं दाबलेलं भोक बघितलं.

"तो नवरा मी," सुरुंगवाला म्हणाला. "आणि हा सहावा. भरलेला आहे. सकाळी पाचच वाजलेत."

घाव घालायचा तर तो हाच क्षण होता. दोन महिने टपरीवर बसून, दगड फोडून, एकवीस दिवस याच्यासाठी पाणी शोधून आणलेला क्षण. पण हात खाली येईना. खड्डा या माणसानं केला, यात तिळमात्र फरक पडला नव्हता. फरक एवढाच पडला होता की ती एका क्षणात गेली नव्हती. ती त्याला बोलवत होती. विडी संपेपर्यंत बोलवत होती, आणि तो पहारीला धार लावत होता. ही गोष्ट ऐकून लगेच मरून जाणं त्याला फार सोपं वाटलं, चोरासारखं वाटलं.

तो त्या भोकावरच बसला. पहार आडवी मांडीवर घेतली आणि बोक्याकडे पाठ करून दगडाकडे तोंड केलं.

बोका ओरडू लागला. आधी आपल्या माणसांची नावं घेऊन, हुकूम सोडल्यासारखा. वर यंत्र धडधडत होतं. त्यानं फोन काढला, खाली त्याला रेंज मिळेना, तो त्यानं भिंतीवर आपटला. मग बादलीत चढून दोरखंड हलवला, पण तो जाड दोर वर कुणाला जाणवत नसे. वर घ्यायची खूण म्हणजे सुरुंगवाल्याच्या शेजारून गेलेली बारीक दोरी होती, आणि त्या बाजूला यायची बोक्याची छाती नव्हती. मग तो शिव्या देऊ लागला. मग पैसे देऊ करू लागला, जमीन देऊ करू लागला. मग नुसतं "वर घ्या रे, वर घ्या" सुरू झालं. घसा बसला तशी आईला हाक मारली. आणि सगळ्यात शेवटी त्या पाठीला उद्देशून, रडत, "इकडे बघ. दादा, एकदा इकडे बघ. अरे बघ ना इकडे."

सुरुंगवाल्याला एकूण एक अक्षर ऐकू येत होतं. त्याच्यामागं माणूस जिवाच्या आकांतानं ओरडतो तेव्हा ते कसं असतं, हे त्याला कधी ऐकू आलंच नव्हतं. आता दगड ते पकडून पुन्हा पुन्हा त्याच्या कानात घालत होता. बोक्याची कीव त्याला आली नाही. पण त्या आवाजात हळूहळू बोका उरला नाही. कुणीतरी ओरडतंय आणि आपण पाठ करून बसलोय, तेवढंच उरलं. त्याला ते सहन होईना. त्यानं कानांवर हात दाबले, ज्या कानांनी जन्मभर दगा दिला त्यांच्यावर, आणि तोही मोठ्यानं रडू लागला.

मग हात लांब करून त्यानं बारीक दोरी दोनदा ओढली.

बोका एकटाच वर गेला. त्याची दुमडलेली विजार वरून भिजली होती, आणि झरा तिथवर पोचत नव्हता. वर आल्यावर त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? बूट तिथंच टाकून तो जीपमध्ये बसला आणि हातानंच 'चला' म्हणाला. एवढ्या वेळात त्याचा घसा पार गेला होता.

बादली परत खाली आली तेव्हा तीत मेहुणा होता; वर यारीचा दांडा सासूनं धरला होता. सुरुंगवाला सहाव्या भोकातली माती बोटांनी उकरून त्यात ओंजळीनं पाणी घालत होता. सुरुंग भिजला की मेला.

"दाजी," मेहुणा म्हणाला.

"तुला ठाऊक होतं?"

मेहुण्यानं मान खाली घातली.

"ती ओरडत होती, हे आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना," मेहुणा म्हणाला आणि धोंड्यावर मटकन बसला.

ते तिघं चाकांवरची यारी ओढत घरी आले तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं. सासूनं आल्या आल्या भांडी पोत्यात भरायला घेतली. उद्यापर्यंत इथून निघायला हवं, हे सांगायची गरज नव्हती. बोका आज गप्प बसला म्हणून उद्या बसेल असं नव्हे. मेहुणा यारीचे भाग सुटे करायला बाहेर गेला. सुरुंगवाला खोलीच्या मधोमध, दाराकडे पाठ करून जमिनीवर बसला.

"मामी, तुम्ही मला का नाही सांगितलं?"

ती येऊन त्याच्या डाव्या बाजूला बसली. "सांगितलं असतं तर तुम्ही चार दिवस जगला नसता. माझी पोर तर गेलीच होती." मग ती म्हणाली, "आज मी काठावर बसले होते. तो खालून ओरडत होता ते मला ऐकू येत होतं. पोराला यंत्रामुळे येत नव्हतं, मला येत होतं. मी हललेसुद्धा नाही. वाट बघत बसले सहाव्याची. त्या विडीवाल्यांत आणि माझ्यात काय फरक राहिला, सांगा."

यातलं त्याला अर्धंच कळलं. त्यानं डावा कान तिच्यापुढं केला.

"ती कशी ओरडत होती ते ओरडून दाखवा."

"नको, जावईबापू."

"मला ऐकायचंय. माझ्यासाठीच होतं ते. सगळ्यांनी ऐकलं, माझं मीच नाही ऐकलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "मागं बघा."

"नाही आलं."

"मागं बघा!"

"मोठ्यानं, मामी."

मग म्हातारीनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं, डोळे मिटले आणि छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं लावून ओरडली, "मागं बघा! अहो, मागं बघा! मागं बघा!" शेजारच्या घरांची दारं उघडली. नळावरच्या बाया हंडे सोडून धावत आल्या. मेहुणा हातात पाना घेऊन उंबऱ्यात येऊन उभा राहिला, त्याच्यामागं आणखी माणसं. सासू थांबेना, आवाज चिरकला तरी थांबेना, आणि सुरुंगवाला तिच्या हातांत डोकं देऊन ऐकत होता. शेवटी त्यानं मागं वळून बघितलं. दारात सगळी वस्ती उभी होती. त्यात ती नव्हती.